सुतक नसलेली माणसे

कोल्हापुरात माणूस गेला की त्याच्या दहनाचा खर्च घरच्यांवर पडत नाही. पंचगंगेच्या काठची स्मशानभूमी महापालिका चालवते. शेणी पालिकेच्या, लाकूड पालिकेचे, सरण रचणारी माणसेही पालिकेचीच. शिमगा जवळ आला की होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला द्या, अशी हाक शहरात दिली जाते. तालमी, तरुण मंडळे, शाळा आणि आसपासची गावे तिला साथ देतात आणि शेणींनी भरलेल्या गाड्या घाटाकडे येतात. बंगल्यातला माणूस आणि झोपडीतला माणूस एकाच तऱ्हेच्या लोखंडी बेडवर, एकाच ढिगातल्या शेणींवर जळतो. या व्यवस्थेचा कोल्हापूरकरांना अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण तिचा मागचा इतिहास नीट पाहिला तर एक उणीव डोळ्यांत भरते. मरणाचा खर्च शहराने वाटून घेतला, मरण रोज हाताळण्याचा भार मात्र कधीच वाटून घेतला नाही. तो आधी जातीवर टाकला होता, पुढे पगारावर टाकला. सरण रचणारा, शवागारात प्रेत उचलणारा, पुरातून देह बाहेर काढणारा, अपघाताचा पंचनामा लिहिणारा, या माणसांच्या मनावर काय साचते हा प्रश्न ना गावगाड्याने विचारला, ना संस्थानाने, ना पालिकेने. इतरांचे दुःख हाताळता हाताळता कामाच्या माणसाला होणाऱ्या या इजेला आता शास्त्राने नाव दिले आहे आणि तिच्यावर काय करावे याची चर्चा जगभर चालू आहे. माझे म्हणणे असे की कोल्हापूरसारख्या गावाला ही चर्चा मुळाक्षरांपासून शिकण्याची गरज नाही. दुःखी माणसाला सावरण्याची एक पक्की रीत आपल्याकडे शेकडो वर्षे आहे. ती ज्यांना लागू व्हायला हवी होती त्यांनाच आपण तिच्याबाहेर ठेवले.

जुनी व्यवस्था आधी पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाले. खेड्याच्या कारभाराचे इतके बारीक वर्णन मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. देशावरच्या गावांत महाराकडे जी कामे होती त्यांत मेलेले जनावर ओढून नेणे होते, मयताचा सांगावा परगावी पोचवणे होते, सरणाची लाकडे वाहणे होते. बदल्यात बलुते होते, वतनाची तुटपुंजी जमीन होती, प्रेतावरचे कापड होते. सांगावा नेणाऱ्याचे काम जरा डोळ्यांसमोर आणावे. दहा-बारा कोस चालत जायचे, परक्या गावच्या वेशीशी किंवा घराबाहेर उभे राहायचे आणि तुमची लेक गेली, तुमचा भाऊ गेला हे आतल्या माणसांना ऐकवायचे. आतून जो आक्रोश उठतो तो ऐकत उभे राहायचे आणि तसेच परत फिरायचे. त्या घरात ना बसायला जागा, ना ओंजळीवाचून पाणी. हे काम आयुष्यभर, आणि आपल्यानंतर आपल्या मुलाने. गावाने या कामाचा मोबदला धान्यात आणि कापडात मोजला होता. त्यापलीकडे त्या माणसाला काही होत असेल अशी शंकाही त्या हिशेबात नाही.

आणि हे अशा गावात, जिथे घरच्या माणसाच्या दुःखाची व्यवस्था अतिशय विचारपूर्वक लावलेली होती. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी, सोयरे भाकरी-पिठले घेऊन येतात आणि दुःखात बुडालेल्या माणसाला जवळ बसून चार घास खायला लावतात. रक्षाविसर्जनाला माणसे जमतात. दहा दिवस त्या घराकडून कसल्याही शुभकार्याची, देवधर्माची, देण्याघेण्याची अपेक्षा नसते. उत्तरकार्याला सुतक फिटते, सोयरे दुखवट्याचा आहेर करतात, डोक्याला टोपी किंवा फेटा बांधतात आणि माणसाला चारचौघांत परत आणतात. या सगळ्यात शुद्धाशुद्धीची कल्पना आहे हे खरेच, आणि त्या मुद्द्याकडे मला पुढे यायचे आहे. पण व्यवहारात या रीतीने काय साधते ते पाहण्यासारखे आहे. मदत मागावी लागत नाही, कारण ती देणे हे दुसऱ्यांचे कर्तव्य ठरलेले असते. मला काही झाले नाही, मी ठीक आहे, असे म्हणून सुटकाही करून घेता येत नाही, कारण विसावा सक्तीचा असतो. त्याला ठरलेली मुदत असते आणि ती संपल्याचे सगळ्यांसमोर जाहीर होते. मानसोपचाराची भाषा नसलेल्या समाजाने हे शोधून काढले होते.

मग रोज प्रेताजवळ असणाऱ्याचे काय? धर्मशास्त्राने अशौचाचा किती खोलवर विचार केला आहे हे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखवले आहे. कोणत्या नात्याला किती दिवस, परदेशी गेलेल्याची बातमी उशिरा कळली तर किती, मूल दात येण्याआधी गेले तर किती, सगळ्याचा बारकावा तिथे आहे. नात्यात नसलेल्याने प्रेताला खांदा दिला तर काय, याचाही आहे. अनाथ प्रेताला खांदा देणाऱ्याला मोठे पुण्य सांगितले आणि स्नानाने त्याची शुद्धी मानली. म्हणजे अधूनमधून खांदा देणारा शास्त्राला दिसला होता. ज्याचे ते नित्याचे काम आहे तो मात्र शास्त्राला दिसूनही दिसला नाही, कारण त्याला जन्मापासूनच विटाळात टाकून ठेवले होते. ज्याचा विटाळ कायमचा, त्याने सुतक धरायचे कधी आणि फेडायचे कधी? घरच्यांच्या दुःखाला दहा दिवसांची सीमा होती. याच्या कामाला सीमाच नव्हती. अस्पृश्यतेने माणसाची प्रतिष्ठा हिरावली, श्रम लुटले, हे आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. तिने दुःखातून बाहेर येण्याची वाटही बंद केली, हे फारसे बोलले जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चौकटीला पहिला धक्का बसला तो प्लेगचा. 1896 मध्ये साथ मुंबईत आली, 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध झाला. कोल्हापुरात 2 एप्रिल 1894 रोजी गादीवर आलेले तरुण शाहू छत्रपती तेव्हा राज्य करत होते. दुष्काळ आणि प्लेग ही दोन्ही संकटे त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच काही वर्षांत कोसळली. वस्त्या रिकाम्या करून लोकांना बाहेर झोपड्यांत हलवणे, टोचून घ्यायला लोकांना तयार करणे, असे उपाय संस्थानाने केले. पण प्लेगने एक गोष्ट अशी केली जी कोणत्याही हुकुमाने झाली नसती. त्याने सुतकाची रीतच मोडली. सख्खे नातेवाईक प्रेत टाकून पळाले, खांदा द्यायला चौघे मिळेनात, भाकरी आणून देणारा शेजारी स्वतःच गाव सोडून गेला होता. अशा वेळी प्रेते उचलणारी, घरे धुणारी, छावणीत रोग्यांची उस्तवार करणारी माणसे सरकारला लावावी लागली. जे काम आजवर गावाच्या हक्क-कर्तव्यांत होते ते सरकारी चाकरीत येऊ लागले. साथीच्या कागदांत मृतांचे आकडे येतात, टोचलेल्यांचे येतात, खर्चाचे येतात. उचलणाऱ्यांचा कागद तयार होत नाही. त्यांच्या पगाराची नोंद तेवढी होते.

यानंतरचा टप्पा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आहे. 1918 ते 1920 या काळात शाहू महाराजांनी महार वतने रद्द करून जमिनी त्यांच्या धारकांच्या नावावर केल्या आणि वेठबिगार बंद केली. राबणाऱ्याची गुलामी ज्या कागदाने बांधली होती तोच कागद त्यांनी फाडला. सांगावा नेणे, लाकडे वाहणे ही जन्माने चिकटलेली सक्ती राहिली नाही. आणि जानेवारी 1919 मध्ये निघालेला एक हुकूम तर आजही वाचताना थबकायला लावतो. संस्थानच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्य माणसांना अधिकाऱ्यांनी ममतेने आणि बरोबरीने वागवावे, ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना पेन्शन मिळणार नाही, असा त्याचा आशय. नोकराच्या मनाला आणि मानाला कामाच्या जागी जे सोसावे लागते त्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर आहे, ती पार पाडली नाही तर वरिष्ठाने जावे, सोसणाऱ्याने नव्हे, हे तत्त्व इथे लेखी झाले. मी या हुकुमात नसलेले काही त्यात घालतो आहे असे कुणी म्हणेल. महाराजांसमोर प्रश्न जातिभेदाचा होता, प्रेत पाहून मनावर होणाऱ्या परिणामाचा नव्हता, ही हरकत बरोबर आहे. हुकुमाचा हेतू तोच होता आणि त्याहून अधिक श्रेय देण्याची गरजही नाही. माझा मुद्दा पद्धतीचा आहे. दुबळ्याने तक्रार करावी, मग आम्ही पाहू, असे तो हुकूम म्हणत नाही. तो वरच्यावर बंधन घालतो, मुदत देतो, न पाळल्यास काय होईल ते सांगतो. सुतकाच्या रीतीत जे सामर्थ्य होते तेच इथे राज्यकारभारात उतरले, आणि तेही विटाळ वजा करून. त्याच सुमारास कोल्हापुरात सत्यशोधकांनी अंत्यविधी पुरोहितावाचून करण्याची चळवळ जोरात चालवली होती. 1911 मध्ये इथे शाहू सत्यशोधक समाज स्थापन झाला. विधी कोणी सांगायचे हा प्रश्न त्यांनी निकराने लढवला. प्रेत कोणी हाताळायचे हा प्रश्न मात्र त्या लढ्याच्या कडेलाच राहिला.

पुढे काय झाले? संस्थान गेले, 1854 पासूनची नगरपालिका 1972 मध्ये महापालिका झाली. दहन मोफत झाले आणि नागरिकांच्या देणगीने ते टिकले. सक्ती गेली, पण काम करणारी माणसे फारशी बदलली नाहीत. सबंध महाराष्ट्रात सफाईचे आणि शवागारातले काम बहुतांशी पूर्वीच्याच समाजांतून आलेल्या माणसांकडे राहिले. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. या तरतुदीला मी कमी लेखत नाही. कंत्राटीकरणाच्या काळात हजारो कुटुंबांच्या डोक्यावर तिने छप्पर ठेवले आहे आणि कामगारांनी ती लढून राखली आहे. पण वतन मोडल्यानंतर अर्ध्या शतकाने बापाचे काम लेकाकडे येण्याची वाट आपण पुन्हा कागदावर आखली, आणि या वेळी ती गरजेपोटी त्यांनाच हवीशी वाटली, एवढे तरी नोंदवून ठेवले पाहिजे.

घाटावरचे काम जवळून कसे असते? घरचे लोक एका प्रेताबरोबर येतात. सरणावर ठेवणे, तोंडात पाणी घालणे, मडके घेऊन फेरे मारणे, अग्नी देणे, सगळे त्यांचे. कवटी फुटेपर्यंत थांबण्याची रीत जुनी आहे, आता बरेच जण आधीच निघतात. मग पालिकेचा माणूस उरतो. वाऱ्याने एका अंगाला ज्वाळा झुकली तर शेणींचा थर सारखा करायचा, सरण ढासळले तर लांब बांबूने आत लोटायचे, पावसाळ्यात ओल धरलेल्या शेणी पेटत्या ठेवायच्या. जे घरच्यांनी पाहू नये म्हणून त्यांना आपण लवकर घरी धाडतो ते सगळे याने पाहायचे. रक्षाविसर्जनाला आप्त येतात तेव्हा त्यांना राख आणि अस्थी नीट गोळा केलेल्या मिळतात. त्यांनी रक्षा उचलली की तोच बेड झाडून, पाण्याने धुऊन दुसऱ्या सरणासाठी तयार. घरच्यांसाठी तो दिवस आयुष्यातल्या दोन-चार दिवसांपैकी एक असतो, याच्यासाठी तो कामाचा दिवस. त्यात लहान मूल येते, बाळंतपणात गेलेली पोर येते, फास घेतलेला शेतकरी येतो. शवविच्छेदन झालेला देह कापडात बांधून येतो, आणि त्याआधी शवागारात तो कुणीतरी फाडलेला, शिवलेला असतो.

कोल्हापुरात 2005 पासून हा भार अनेक पटींनी वाढला. 2005, 2019 आणि 2021 अशा तीन महापुरांत पंचगंगेने आपली धोक्याची 43 फुटांची पातळी केव्हाच मागे टाकली. 26 जानेवारी 2018 च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली आणि 13 जण गेले. त्यांना पाण्यातून वर काढणाऱ्यांत अग्निशमन दलाचे जवान होते आणि हाकेसरशी धावलेली आसपासची पोरे होती. कोल्हापूरची व्हाईट आर्मी ही बचाव संस्था अशा कामाला गावोगाव जाते. त्यातली माणसे स्वयंसेवक आहेत, दुसऱ्या दिवशी आपापल्या धंद्याला लागतात. मग कोरोना आला. 2021 च्या जूनमध्ये राज्यातले बहुतेक जिल्हे सावरू लागले होते तेव्हा कोल्हापुरात बाधितांचे प्रमाण राज्यात सर्वांत वरच्या जिल्ह्यांत होते. नातेवाईक विलगीकरणात, नाहीतर भीतीने दूर. कितीतरी जणांना अग्नी दिला तो पालिकेच्या कामगाराने. प्लेगमध्ये जे घडले होते तेच घडले: सुतकाची रीत मोडली आणि तिचे कर्तव्य चाकरीतल्या माणसावर आले. या वेळी सरकारने त्याची दखल घेतली नाही असे नाही. मार्च 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचे विमासंरक्षण जाहीर झाले. पण ते तो मेला तर. तो जगला, आणि त्या साथीत जे पाहिले ते घेऊन जगला, तर त्यासाठी कोणतीच तरतूद नव्हती.

इजा होण्यासाठी प्रेताला हात लावावाच लागतो असेही नाही. 1996 मध्ये अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली यांना अटक झाली. 13 मुलांच्या अपहरणाचे आणि त्यातल्या कित्येकांच्या हत्येचे ते प्रकरण. 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी मुलींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि अंमलबजावणीला झालेल्या विलंबामुळे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. ही तारखांची रांग कायद्याच्या अभ्यासकाला वेगळे काही सांगेल. मला तिच्यात पंचवीस वर्षे उघडझाप होत राहिलेली फाइल दिसते. त्या लेकरांचे काय झाले हे आधी कुणीतरी जबाबात लिहून घेतले, कुणीतरी टंकित केले, भाषांतर केले, वकिलांनी आणि न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा वाचले, कारकुनाने प्रती काढल्या. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तीत आघातोत्तर विकाराच्या कारणांत कामाचा भाग म्हणून भयंकर तपशिलांशी वारंवार येणारा संबंध घातला. उदाहरणे दोन दिली आहेत: मानवी अवशेष गोळा करणारे मदतकर्मी आणि बालकांवरच्या अत्याचाराचे तपशील सतत ऐकणारे पोलीस. आपली एक नदी आणि एक खटला डोळ्यांसमोर ठेवून लिहावे इतकी ती कोल्हापूरला लागू आहेत. त्याआधी 1995 मध्ये चार्ल्स फिगली या अभ्यासकाने इतरांच्या वेदनेची काळजी घेणाऱ्यालाच होणाऱ्या आघातावर ग्रंथ सिद्ध केला होता. झोपेत ती दृश्ये येणे, घरच्या मुलांना जवळ घ्यायला मन न धजणे, चिडचिड, उगाच दचकणे किंवा उलट काहीच न वाटणे, ही लक्षणे तेव्हापासून नीट नोंदली गेली आहेत.

यावर आपल्याकडे पहिली हरकत ठरलेली असते: त्यांना सवय असते. ही समजूत दिसते तेवढी निरुपद्रवी नाही, कारण जन्मजात विटाळाची कल्पना जाऊन तिच्या जागी हीच बसली आहे. दोन्हींचे काम एक: या माणसाला आपल्यासारखे काही होत नाही, असे आपल्याला पटवणे. सवयीने हात सरावतात, वासाने पोट ढवळत नाही, हे खरे. पण त्या कामाला दारू घेतल्यावाचून हात घालता येत नाही, हे शवागारांच्या बाबतीत महाराष्ट्रभर उघडपणे बोलले जाते आणि वरिष्ठही त्याकडे काणाडोळा करतात. सवय असती तर दारू कशाला लागली असती? व्यवस्थेने आधार म्हणून काही दिलेच नाही, तेव्हा जे हाताशी आले ते माणसाने घेतले. आपण त्याला व्यसनी म्हणून मोकळे झालो. लिव्हर खराब होऊन तो पन्नाशीत गेला तर तो त्याचा दोष आणि त्याच्या घराचे नशीब.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे आणि ती कामगारांच्या बाजूनेच येते. आधी कायम करा, हातमोजे आणि बूट द्या, पगार वेळेवर द्या, मग मनाचे बोला. ही मागणी खरी आहे आणि तिला बाजूला सारून केलेली मानसिक आरोग्याची भाषा पोकळ ठरते. पण पगार आणि मन यांना एकमेकांसमोर उभे केले ते कायद्याने. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. मनाचा एकही आजार नाही. म्हणजे गिरणीतल्या आवाजाने कान गेला तर भरपाई, शवागारात मन मोडले तर नाही. ही इजा त्या यादीत आली तर ती पगाराच्या मागणीशी भांडणार नाही, तिच्याच शेजारी जाऊन बसेल. कायम नसलेल्या माणसाला तर आधाराची गरज जास्त, कारण त्याला एक दिवस घरी राहायचे म्हटले तरी त्या दिवसाची मजुरी बुडते.

तिसरी हरकत माझ्या मांडणीवरच आहे. ज्या सुतकाने या माणसाला बाहेर ठेवले त्याच सुतकाकडून शिकायचे? विटाळाची कल्पना मागल्या दाराने परत आणायची? हा धोका खोटा नाही. कामगाराला अशुद्ध झाला म्हणून बाजूला बसवण्याचा कोणताही प्रकार नव्या नावाने आला तर तो हाणून पाडला पाहिजे. म्हणूनच मी वर 1919 च्या हुकुमापाशी इतका थांबलो. सक्ती वरच्यावर, विसावा खालच्याला, मुदत लेखी, कलंक शून्य, हे जमवता येते, आणि याच शहरात ते एकदा जमले होते. रीत उचलायची ती माणसाला सावरण्यापुरती. शुद्धाशुद्धी तिथेच सोडून द्यायची.

आधुनिक उपायांकडे पाहिले की हा फरक आणखी स्पष्ट होतो. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चालते. ती चांगली आहे आणि अनेकांच्या उपयोगी पडते. पण फोन करण्याचे काम ती दुखावलेल्या माणसावरच सोपवते, आणि ज्याला आयुष्यभर तुला काही होत नाही असे ऐकवले तो फोन करणार नाही. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे मोठ्या दुर्घटनेनंतर समुपदेशक बोलावून सगळ्यांना एकदा बसवून मन मोकळे करायला लावणे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2002 च्या परीक्षणात अशा एकाच बैठकीचा फायदा दिसला नाही, काहींना त्याने त्रास वाढण्याचीच शक्यता दिसली. आश्चर्य वाटायला नको. घरी मयत झाल्यावर आपल्याकडेही कुणी पहिल्याच दिवशी समोर बसवून, सांग तुला काय वाटते, असे विचारत नाही. भाकरी आणतात, जवळ बसतात, पुन्हा येतात. ब्रिटिश नौसैनिकांत 1990 च्या दशकात बेतलेली ‘ट्रिम’ ही पद्धत याच अंगाने जाते: त्याच तुकडीतला प्रशिक्षित सहकारी घटनेनंतर काही दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभराने चौकशी करतो, आणि गरज दिसली तरच डॉक्टरकडे नेतो. बाहेरचा तज्ज्ञ नंतर येतो, शेजारचा माणूस आधी.

तेव्हा कोल्हापुरात करायचे ते फार अवघड नाही. मूल, सामूहिक मृत्यू, ओळखीच्या माणसाचा देह अशा प्रसंगांची यादी करून त्यानंतर भरपगारी सुट्टी आपोआप लागू करावी, अर्ज न मागता. रात्रपाळीला एकटा माणूस ठेवू नये. मुकादमाने ठरलेल्या दिवशी प्रत्येकाची विचारपूस केलीच पाहिजे आणि केली नाही तर जाब त्याला विचारला जावा. पुरात उतरणाऱ्या स्वयंसेवकांना प्रशासन यादीत घेते, तसेच त्यांना या विसाव्याच्या यादीतही घ्यावे. यावर पालिकेतला अधिकारी विचारील की मुळात मोजकी माणसे, त्यांना सुट्टी दिली तर सरण कोण रचणार? याचे उत्तर त्या मोजक्यांत शोधायचे नाही. आरोग्य खात्यातल्या आणि इतर विभागांतल्या कर्मचाऱ्यांना, जात-वारसा न पाहता, आळीपाळीने या कामाचे शिक्षण द्यावे आणि वर्षातले ठरावीक आठवडे प्रत्येकाची पाळी घाटावर लावावी. पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प या चारही स्मशानभूम्यांना मिळून एक पाळीपत्रक करता येईल. काही जण नकार देतील, काही संघटना विरोध करतील, कुणी म्हणेल आमच्या नेमणुकीत हे काम नव्हते. त्यांच्याशी बोलावे लागेल, भत्ता ठेवावा लागेल, आणि एवढे करूनही जे अडून बसतील त्यांच्यासाठी मुदतीचा हुकूम कसा लिहायचा याचा नमुना करवीर दरबारच्या दप्तरात आहे.